"मॅडम, एलओआर मिळेल का?": अमेरिकेसाठीचं शिफारसपत्र नेमकं काय असतं

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. लोकलमध्ये लटकत ऐकताना ज्यांना तारखा आणि फॉर्मची नावं टिपता आली नाहीत, त्यांनी हे पान सेव्ह करून ठेवा. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कापलेत.

विषय आहे एलओआर, म्हणजे शिक्षकाने दिलेलं शिफारसपत्र. बारावीनंतर थेट अमेरिकेत पदवीला जायचं असेल तर हे लागतं. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे जूनपासून दिवाळीपर्यंत स्टाफरूमच्या दारात हा प्रश्न ऐकते: "मॅडम, एलओआर मिळेल का?" सूर असा, की जणू बसच्या पाससाठी बोनाफाईड मागतायत. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. म्हणून आज दोन्ही बाजूंनी बोलूया, मागणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्याही. ऐकणाऱ्यांमध्ये नवे शिक्षक बरेच आहेत, हे मला तुमच्या मेसेजवरून कळतं.

दाखला नाही, वशिला तर नाहीच

आपल्याकडे "शिफारस" हा शब्दच जरा बदनाम आहे. शिफारस म्हटलं की आमदारांचं लेटरहेड, काकांच्या ओळखीतले साहेब, "आमचा माणूस आहे, बघा जरा". अमेरिकेतल्या ॲडमिशन ऑफिसला अशा पत्राचा काही उपयोग नसतो. पत्र लिहिणारा किती मोठा, यापेक्षा त्याने तुम्हाला किती जवळून पाहिलंय, हे त्यांना हवं असतं. मोठ्या उद्योगपतीने लिहिलं, पण तो तुम्हाला एका लग्नात भेटला होता, तर ते पत्र रिकामंच. तुमच्या केमिस्ट्रीच्या सरांना जगात कोणी ओळखत नसेल, पण त्यांनी तुम्हाला वर्षभर प्रयोगशाळेत पाहिलंय. त्यांच्या पत्राला वजन आहे.

दुसरी गल्लत दाखल्याची. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "वर्तणूक: चांगली" असं लिहिलेलं असतं. प्रत्येकाच्याच असतं. आपले शिक्षक एलओआरसुद्धा त्याच साच्यात लिहितात: मुलगा प्रामाणिक, आज्ञाधारक, कष्टाळू, उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा, खाली शिक्का. यात खोटं काहीच नाही. पण या मजकुरावरचं नाव बदललं तर तो वर्गातल्या कुणालाही लागू पडेल. दाखला सांगतो की या मुलाबद्दल तक्रार नाही. एलओआरने सांगायचं असतं की हा मुलगा वर्गात असल्यामुळे काय वेगळं झालं. तो साक्षीदाराचा जबाब आहे. आणि साक्षीदाराने काय करायचं? जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगायचं.

पत्र जातं कुठून, कसं

अमेरिकेतली बरीच विद्यापीठं "कॉमन ॲप" नावाच्या एकाच ऑनलाइन अर्जातून प्रवेश घेतात. १९७५ साली मोजक्या खासगी कॉलेजांनी मिळून हे सुरू केलं. आज त्यात एक हजाराहून जास्त कॉलेजं आहेत. तिथे तुम्ही शिक्षकाचं नाव आणि ईमेल भरता. त्यांना लिंक जाते, ते स्वतःचं खातं उघडतात आणि पत्र अपलोड करतात. पत्र तुमच्या हातात येत नाही, थेट कॉलेजकडे जातं.

आता तीन गोष्टी नीट ऐका.

पहिली. शिक्षक हे पत्र एकदाच अपलोड करतात, आणि तुम्ही जिथे जिथे त्यांचं नाव जोडाल तिथे तेच जातं. म्हणून त्यात एका विद्यापीठाचं नाव नको. "ही मुलगी स्टॅनफर्डसाठीच जन्मली आहे" हे वाक्य बाकीच्या नऊ कॉलेजांनीही वाचलं तर काय होईल, तुम्हीच विचार करा.

दुसरी. शिक्षकांना लिंक पाठवण्याआधी तुम्हाला एक प्रश्न येतो: हे पत्र पुढे कधी पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? यामागे १९७४ चा अमेरिकेतला एक कायदा आहे, त्याला "फर्पा" म्हणतात. त्यानुसार विद्यार्थ्याला कॉलेजकडे असलेल्या आपल्या नोंदी बघता येतात. बहुतेक जण हा हक्क सोडतात, आणि तेच शहाणपणाचं. कारण विद्यार्थी वाचणार नाही हे माहीत असलं की शिक्षक मोकळेपणाने लिहितो, आणि वाचणाराही त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

तिसरी. शिक्षकाचं पत्र वेगळं आणि "स्कूल रिपोर्ट" वेगळा. स्कूल रिपोर्ट समुपदेशकाने भरायचा असतो. आपल्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत असं पदच नसतं. मग प्राचार्य किंवा उपप्राचार्य ते काम करतात. त्यांना आधीच गाठा, कारण महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांची एक खास अडचण आहे: कॉलेजं साधारणपणे नववी ते बारावीचे गुण मागतात. आपली नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसरीकडे. दोन ठिकाणची कागदपत्रं गोळा करायला वेळ लागतो. आणि टक्केवारीचं "जीपीए" घरी बसून करू नका. गुण जसे आहेत तसेच जाऊ देत.

सगळीकडे नियम एकच नाही, हेही लक्षात ठेवा. एमआयटी कॉमन ॲप वापरत नाही, तिचं स्वतःचं पोर्टल आहे. तिला दोन पत्रं लागतात: एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं, दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचं. आपल्या सायन्सच्या मुलांची विकेट इथेच पडते, कारण इंग्रजीच्या तासाला ती दिसतच नाहीत! स्टॅनफर्डला अकरावी-बारावीच्या मुख्य विषयांच्या दोन शिक्षकांची पत्रं हवी असतात. याउलट बर्कली, लॉस एंजलिसवाली युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया मुख्य अर्जासोबत शिक्षकांची पत्रं मागतच नाही. म्हणून आधी यादी करा, मग धावाधाव.

चौकटी

कॉमन ॲपवर पत्रासोबत शिक्षकांसाठी एक फॉर्म असतो. विद्यार्थ्याला किती वर्षं ओळखता, कुठला विषय शिकवलात, हे प्रश्न आणि मग गुणांचा तक्ता: बौद्धिक कुवत, लेखन, वर्गातल्या चर्चेतला सहभाग, प्रामाणिकपणा, अपयशाला तोंड देणं, इतरांबद्दल आस्था वगैरे. प्रत्येकापुढे श्रेणी. ती सरासरीच्या खालून सुरू होते आणि वरच्या दहा टक्क्यांत, वरच्या पाच टक्क्यांत, असं करत "माझ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्यांपैकी एक" इथपर्यंत जाते. आणि "सांगता येत नाही" अशीही एक चौकट असते.

शिक्षकांनो, इथे हात सैल सोडू नका. प्रत्येक मुलाला सगळीकडे शेवटची चौकट दिलीत तर त्या खुणेला अर्थ उरत नाही. एकाच कॉलेजातून दरवर्षी अर्ज जात असतील, तर आज फुगवलेलं पत्र पुढच्या वर्षीच्या खऱ्या गुणी मुलाच्या मुळावर येतं. आपलं नाव ही एक ठेव आहे, ती पुढच्या मुलांसाठी शाबूत ठेवायची.

एकच मुलगी, दोन पत्रं

समजा, अकरावीत एक मुलगी आहे. (ही कल्पनेतली आहे, आपल्या वर्गात शोधू नका.) तिच्याबद्दल पहिलं पत्र असं:

"ती अतिशय हुशार व मेहनती विद्यार्थिनी आहे. तिला गणिताची आवड आहे. ती नेहमी वर्गात प्रश्न विचारते. तिच्यात नेतृत्वगुण आहेत."

दुसरं पत्र असं:

"संभाव्यतेच्या तासाला मी विचारलं: एका घरात दोन मुलं आहेत, त्यातला निदान एक मुलगा आहे, तर दोन्ही मुलगे असण्याची शक्यता किती? वर्ग म्हणाला, निम्मी. ती म्हणाली, एक तृतीयांश. वाद मिटेना. दोन दिवसांनी ती आपल्या सोसायटीतल्या दोन मुलांच्या घरांची यादी करून आली. तिने दाखवलं, की घरं मोजली तर उत्तर एक तृतीयांशच्या जवळ जातं. पण प्रत्येक मुलग्याला 'तुला भाऊ आहे का?' असं विचारत गेलं तर निम्म्याच्या जवळ. कारण दोन मुलगे असलेलं घर दुसऱ्या पद्धतीत दोनदा मोजलं जातं. मग ती वर्गाला म्हणाली, 'तुम्ही चुकला नव्हतात, तुम्ही वेगळा प्रश्न सोडवत होतात.'"

बघा, दुसऱ्या पत्रात हुशार, मेहनती, नेतृत्व, यातला एकही शब्द नाही. तरी तिन्ही गोष्टी कळल्या. आणि शेवटच्या वाक्यावरून चौथीही: जिंकल्यावर ही मुलगी समोरच्याला खाली दाखवत नाही. लिहिताना हाच नियम पाळा. विशेषण लिहिलंत की स्वतःला विचारा, "हे मला कशावरून वाटलं?" जे उत्तर येईल ते लिहा आणि विशेषण खोडून टाका.

एखादा म्हणेल, मॅडम, जॉन नॅशचं पत्र तर दोन-तीन ओळींचं होतं! खरंय. १९४८ साली रिचर्ड डफिन या प्राध्यापकांनी प्रिन्स्टनला पाठवलेलं नॅशचं शिफारसपत्र प्रसिद्ध आहे. त्यात मुलाचं वय, तो कधी पदवीधर होतोय, आणि तो गणितातला जीनियस आहे, इतकंच. नॅशला पुढे १९९४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण डफिन स्वतः गणितज्ञ होते आणि एका गणितज्ञाने दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेलं ते पत्र होतं. आपलं पत्र वाचणाऱ्याने आपल्या कॉलेजचं नावही ऐकलेलं नसतं. त्यामुळे पुरावा आपणच द्यायचा.

त्याच कारणाने संदर्भही द्यायचा. "वर्गात पहिली आली" असं लिहिताना वर्गात किती मुलं होती ते सांगा. आपल्या शंभरेक मुलांच्या तुकडीत एखाद्या मुलीने रोज हात वर करणं म्हणजे काय, हे वीस मुलांच्या वर्गात शिकलेल्या माणसाला आपोआप कळणार नाही. पत्र एक पानाचं पुरे. एक प्रसंग नीट, दुसरा थोडक्यात, आणि शेवटी स्पष्ट मत.

"तूच लिहून आण, मी सही करतो"

आता अवघड जागेकडे येऊ. हे वाक्य तुमच्यातल्या किती जणांनी ऐकलंय? मेसेजेस वाचून मला वाटतं, बऱ्याच जणांनी.

शिक्षक असं का म्हणतात, ते आधी समजून घ्या. पेपर तपासणी, प्रॅक्टिकल, निवडणुकीचं काम, आणि वर इंग्रजीत पानभर लिहायचं दडपण. बहुतेकांच्या मनात वाईट काही नसतं. पण तरीही हे करू नका.

एक तर तुमचं नुकसान आहे. स्वतःबद्दल लिहिताना माणूस एक तर लाजतो नाही तर फुशारकी मारतो. शिक्षकाने मागच्या बाकावरून पाहिलेली तुमची गोष्ट तुम्हाला माहीतच नसते. शिवाय तुमचा निबंध आणि दोन शिक्षकांची पत्रं एकाच हाताने लिहिली असतील, तर तीच वाक्यरचना, तेच आवडते शब्द तिन्हीकडे दिसतात. वाचणारे हंगामात ढिगाने अर्ज वाचतात, त्यांच्या ते लक्षात येऊ शकतं. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तरी तेच. ते व्याकरण सुधारेल, पण तुमच्या वर्गात ते बसलेलं नव्हतं.

आणि दुसरं, हे खोटं आहे. शिक्षकाच्या नावाने ईमेल उघडून स्वतःच पत्र अपलोड करणं, हे तर सरळ सरळ बनावट. अर्जाच्या शेवटी तुम्ही सगळं खरं असल्याची कबुली देता. ती खोटी ठरली तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो, शिकायला सुरुवात केल्यानंतरसुद्धा. २०२४ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या लीहाय युनिव्हर्सिटीत भारतातून गेलेल्या एका विद्यार्थ्याने बनावट कागदपत्रांवर प्रवेश आणि आर्थिक मदत मिळवल्याचं उघड झालं. त्याला अटक झाली आणि परत यावं लागलं. "आमचं पॅकेज घ्या, एलओआर आम्ही बघतो" असं सांगणारे सल्लागार त्या वेळी तुमच्या शेजारी उभे राहणार नाहीत.

मग सरांना काय म्हणायचं? असं म्हणा: "सर, पत्र तुमच्याच शब्दांत हवंय. पण आठवायला सोपं जावं म्हणून मी एक पान लिहून आणलंय." आणि ते पान द्या. त्यात पाच गोष्टी:

१. तुमच्या तासाला मी केलेलं एखादं काम, तारखेसकट, जमलं तर त्याची प्रत.
२. जिथे अडखळले आणि मग कसं जमवलं, असा एक प्रसंग.
३. वर्गाबाहेर मी काय करते. घरचं काम, दुकानात बसणं, धाकट्याचा अभ्यास घेणं हेही चालतं.
४. पुढे काय शिकायचंय आणि का.
५. कॉलेजांची यादी आणि शेवटच्या तारखा.

हे पान म्हणजे कच्चा माल. भाकरी सरांनी थापायची.

इंग्रजीची भीती वाटणाऱ्या शिक्षकांना मी एवढंच सांगेन: साधी वाक्यं लिहा. तिथे तुमच्या व्याकरणाला गुण नाहीत. मराठीत जास्त मोकळं लिहिता येत असेल तर आधी मराठीत लिहा, मग कॉलेजातल्या इंग्रजीच्या सहकाऱ्याची मदत घ्या. विद्यार्थ्याकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून मात्र भाषांतर करून घेऊ नका.

कुणाला मागायचं

ज्यांच्या विषयात सगळ्यात जास्त गुण पडले तेच शिक्षक योग्य, असं नाही. ज्यांच्या तासाला तुम्ही धडपडलात आणि त्यांनी ती धडपड पाहिली, ते जास्त चांगलं लिहितील.

पण ज्यांचं कॉलेज फक्त कागदावर आणि सगळा दिवस क्लासमध्ये, त्यांचं काय? क्लासचे सर तुम्हाला खूप ओळखतात, मान्य. पण ते तुमच्या कॉलेजचे शिक्षक नाहीत. कॉमन ॲपवर "इतर शिफारसकर्ता" असा वेगळा प्रकार आहे. काही कॉलेजं त्यात प्रशिक्षक, मालक, संगीताचे गुरुजी अशांचं पत्र घेतात. क्लासच्या सरांचं पत्र तिथे जाऊ शकतं, पण कॉलेजच्या शिक्षकाची जागा ते घेत नाही. म्हणून जे आता अकरावीत आहेत त्यांना सांगते, निदान दोन विषयांच्या तासांना खरोखर बसा. एलओआर मागायच्या दिवशी ओळख तयार होत नाही.

जे सांगायला जड जातं

अकरावीत गुण एकदम घसरलेत. कारण घरात आजारपण होतं, किंवा वडिलांचं काम गेलं. हे पत्रात यावं का? अनेकदा यावं. कारण हेच तुम्ही स्वतः लिहिलंत तर सबब वाटू शकते, शिक्षकाने लिहिलं तर ती माहिती होते. पण शिक्षकांनो, आधी विचारा. "हे लिहिलं तर चालेल का?" मुलाने विश्वासाने सांगितलेली घरची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय परदेशी ऑफिसात पाठवायची नाही. आणि लिहिताना दया मागू नका. काय झालं ते दोन ओळींत, आणि त्या काळात मूल कसं वागलं ते चार ओळींत.

कॅलेंडर

लवकरच्या फेरीची शेवटची तारीख अनेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते, आणि नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. आता आपलं कॅलेंडर शेजारी ठेवा. १ नोव्हेंबर म्हणजे दिवाळीच्या आसपास. कॉलेज बंद, सर गावाला, प्राचार्यांचा शिक्का कपाटात. जानेवारी म्हणजे बोर्डाच्या प्रॅक्टिकलची तयारी. म्हणून जून-जुलैत विचारा, गणपतीच्या आधी माहितीचं पान द्या, आणि तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा नम्रपणे आठवण करा. रोज व्हॉट्सॲपवर "सर?" नको.

विचारताना प्रश्नही नीट विचारा. "एलओआर द्याल का?" नाही. "मॅडम, तुम्ही मला चांगलं ओळखता असं वाटतं का, आणि माझ्याबद्दल ठामपणे लिहू शकाल का?" असं विचारा. यात शिक्षकाला नाही म्हणायची जागा राहते. आणि कुणी नाही म्हटलंच, तर रुसू नका. मनाविरुद्ध लिहिलेलं कोमट पत्र तुमच्या अर्जाला खाली खेचतं, वेळेत आलेला नकार मात्र तुम्हाला दुसरा शिक्षक शोधायला वेळ देतो. मी स्वतः काही मुलांना नाही म्हणते आणि कारणही सांगते: "तुझे गुण मला माहीत आहेत, तू माहीत नाहीस."

शेवटचं. या कामाचे शिक्षकाला पैसे मिळत नाहीत, मिळूही नयेत. म्हणून निकाल लागला की कळवा, नकार आला तरी. आम्ही वाट बघत असतो हो.

तुमच्या कॉलेजात एलओआर मागताना काय अनुभव आला, ते व्हॉइस नोटने पाठवा. शिक्षकाचं आणि कॉलेजचं नाव मात्र घेऊ नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.